‘माझे’ आणि ‘पांडूचे’

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ एका प्रश्नानें होतो, आणि तो प्रश्न अर्जुनाचा नसून धृतराष्ट्राचा आहे. कुरुक्षेत्रीं जमलेल्या दोन्ही सैन्यांत त्याच्याच कुळांतील मुलें शस्त्रें सरसावून उभीं आहेत. तरी संजयाला विचारतांना तो त्यांचे दोन भाग पाडतो: एक ‘माझे’ आणि दुसरे ‘पांडूचे’. पांडु त्याचा धाकटा भाऊ. पांडूच्या पश्चात् त्याचीं मुलें धृतराष्ट्राच्याच छत्राखालीं वाढलीं. त्या श्लोकाचा अन्वय अवघड नाहीं, संस्कृत शिकणारा मुलगाही तो सहज लावतो. परंतु अठरा अक्षौहिणींच्या संहाराचें बीज ‘माझे’ या एका पदांत आहे, हें ध्यानीं येण्यास पुष्कळ काळ जावा लागतो.

धृतराष्ट्राला धर्म ठाऊक नव्हता असें म्हणतां येत नाहीं. विदुरानें संपूर्ण रात्र जागून त्याला नीति सांगितली आणि ती त्यानें आस्थेनें ऐकली. तूं म्हणतोस तें योग्य आहे, पण दुर्योधन समोर आला कीं आपली बुद्धि फिरते, अशी कबुलीही त्यानें शेवटीं दिली. हस्तिनापुरांत नियमांची वाण नव्हती. भीष्म, द्रोण, कृप यांच्यासारखे जाणते पुरुष राजसभेंत बसत होते. उणीव होती ती एवढीच, कीं जो नियम इतरांना लागे तो राजपुत्राच्या दाराशीं येऊन थांबे. भीमाला विष घातलें गेलें, कोणी जाब विचारला नाहीं. वारणावतांत लाक्षागृह पेटलें. राजानें उत्तरक्रिया करविली, चौकशी करविली नाहीं. आणि प्रत्येक प्रसंगीं नगरवासी जन पाहत होते, चव्हाट्यावर आपसांत बोलत होते. महाभारतकारांनीं या पौरजनांच्या कुजबुजीची नोंद जागोजाग ठेवली आहे; वाचक ती पानें घाईनें उलटतात, इतकेंच.

पुढें द्यूतसभेंत जें घडलें तें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु द्रौपदीनें त्या सभेंत प्रथम दया मागितली नाहीं, तिनें कायद्याचा प्रश्न विचारला, हें विसरलें जातें. जो पुरुष आधीं स्वतःस हरला, त्याला पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, एवढेंच तिचें विचारणें होतें. भीष्मांनीं धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हटलें. बाकीचे गप्प राहिले. कौरवांपैकीं एकटा विकर्ण बोलला, आणि त्याला कर्णानें पोरवयाचा ठरवून खालीं बसविलें. त्या शांततेंत विदुर उभा राहिला आणि त्यानें प्रह्लादाची एक कथा सांगितली.

प्रह्लादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरस ऋषींचा पुत्र सुधन्वा यांच्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पडला. दोघांनीं प्राण पणास लावले आणि निर्णयासाठीं ते प्रह्लादाकडेच गेले. न्यायासनावर पिता, वादी म्हणून त्याचाच मुलगा, आणि पणांत त्या मुलाचे प्राण! प्रह्लाद गोंधळला. त्यानें कश्यप ऋषींना विचारलें, कीं जाणत असूनही जो उत्तर देत नाहीं त्याची गति काय होते. कश्यपांचें उत्तर असें, कीं अधर्माचा बाण रुतलेला धर्म सभेंत येतो आणि सभासद तो बाण उपटून काढीत नाहींत, तेव्हां पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो, चौथाई करणाऱ्याकडे, आणि उरलेली चौथाई निंद्य कर्माची निंदा न करणाऱ्या सभासदांकडे. कर्त्याच्या वांट्याला चौथाईच येते आणि प्रमुखाच्या वांट्याला त्याच्या दुप्पट, ही वांटणी वाचकानें क्षणभर थांबून पाहावी. प्रह्लादानें मग मुलाविरुद्ध निर्णय दिला. सुधन्वा त्या निर्णयानें इतका संतुष्ट झाला, कीं त्यानें विरोचनाचे प्राण बापाला परत दिले.

कथा संपली, हस्तिनापुरच्या सभेंत कोणीही बोललें नाहीं. शेवटीं द्रौपदी सुटली ती कशी? अग्निहोत्रशाळेंत कोल्हे ओरडले, गाढवें व अशुभ पक्षी त्यांना साद देऊं लागले, आणि भयभीत झालेल्या वृद्ध राजानें तिला वर मागावयास सांगितलें. येथेंच खरें मर्म आहे. जें तिला न्याय म्हणून मिळावयाचें होतें तें राजानें कृपा म्हणून दिलें. पांडव मुक्त झाले, राज्यही परत मिळालें. परंतु प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं. कृपेनें दिलेलें पुन्हा काढून घेतां येतें, आणि थोड्याच अवधींत दुसऱ्या द्यूताच्या निमित्तानें तें काढून घेतलेंही गेलें.

ज्या राज्यांत नियम माणूस पाहून लागतो तेथें प्रजेच्या मनाचें असेंच होतें. लोक नियमाकडे पाहणें सोडतात आणि माणसांकडे पाहूं लागतात. अर्जांत काय लिहावें यापेक्षां कोणाची चिठ्ठी आणावी याचा विचार आधीं सुरू होतो. हक्काची गोष्टही हात जोडून मागावयाची संवय जडते, आणि ती मिळाली म्हणजे नागरिकाला समाधान न वाटतां उपकाराचें ओझें वाटतें. नियम कठोर असला म्हणून विश्वास तुटत नाहीं. दुष्काळांत शिधा अर्ध्यावर आला तरी लोक रांगेंत उभे राहून तो घेतात, कारण पुढच्याच्या पिशवींतही तेवढाच शिधा पडतांना दिसतो. ज्या दिवशीं मागच्या दारानें एक पोतें जातांना दिसतें, त्या दिवशीं पूर्ण शिधा मिळूनही रांग अस्वस्थ होते.

हें सत्य ओळखून शिळेवर कोरून ठेवणारा एक राजा या देशांत होऊन गेला. कलिंगाच्या युद्धानंतर अशोकाला पश्चात्ताप झाला ही कथा शाळेंतील मुलेंही सांगतात. त्या पश्चात्तापाचा लेख, म्हणजे चौदा शिलालेखांपैकीं तेरावा, देशांत इतरत्र आढळतो. पण खुद्द कलिंगांत तो कोरलेला नाहीं. ओरिसांत भुवनेश्वरजवळ दया नदीच्या कांठीं धौली येथें, तसेंच गंजाम जिल्ह्यांत जौगड येथें, अकरावा, बारावा व तेरावा हे तीन लेख गाळून त्यांच्या जागीं दोन वेगळे लेख आहेत. एक लाख माणसें मारलीं गेलीं आणि दीड लाख देशोधडीस लागलीं, हा आंकडा हरलेल्या लोकांना ऐकवून त्यांचें काय हित होणार होतें? त्यांच्यासाठीं राजानें दुसरेंच कांहीं लिहविलें.

धौलीच्या त्या पहिल्या वेगळ्या लेखांतील आज्ञा तोसलीच्या महामात्रांना आहे. हे अधिकारी ‘नगरव्यावहारिक’ होते. ‘व्यवहार’ या शब्दाचा अर्थ आज देणेंघेणें एवढाच उरला आहे, परंतु धर्मशास्त्रांत व्यवहार म्हणजे न्यायालयांतील खटला. तेव्हां हे नगराचे न्यायाधीश समजावे. सर्व माणसें आपलीं अपत्यें आहेत, असें राजा त्यांना सांगतो, आणि लगेच अगदीं रोकड्या गोष्टीवर येतो. एखादा माणूस विनाकारण बंदींत पडतो किंवा त्याचा छळ होतो. त्यामुळें दुसरे पुष्कळ लोक दुःखी होतात. अन्याय एकावर झाला आणि दुःख पुष्कळांना झालें, हें गणित राजानें मांडलें आहे. बंदींत पडलेल्याला शेजारी असतात, भाऊबंद असतात, बाजारांत त्याला ओळखणारे असतात. ते सारे त्या दिवसापासून रात्रीं दाराला कडी घालतांना मनांत म्हणतात, ‘आज तो, उद्यां कोण?’

यासाठीं अधिकाऱ्यांनीं काय इच्छावें? लेखांतील प्राकृत शब्दाचा अर्थ ‘मध्य’ असा आहे. तराजूचा कांटा मध्यावर राहावा तसें अधिकाऱ्यानें मध्य धरावा. आणि हा मध्य कशानें सुटतो त्याचीं सात कारणें पुढें दिलीं आहेत: ईर्ष्या, शीघ्रकोप, निष्ठुरता, घाई, अनभ्यास, आळस आणि थकवा. पहिलीं तीन वाचून कोणालाही नवल वाटणार नाहीं. परंतु घाई, अनभ्यास, आळस व थकवा यांचीही गणना राजानें त्याच पंक्तींत केली आहे, हें फार मोलाचें आहे. पक्षपात नेहमीं द्वेषांतून किंवा लांच घेऊन होतो असें नाहीं. दिवसभर शिणलेला अधिकारी समोरच्या गरिबाचा कागद बाजूस सारतो आणि ओळखीच्या माणसाचें काम आधीं उरकतो, कारण ओळखीचा माणूस बोलका असतो व गरिबाचें म्हणणें समजून घेण्यास श्रम पडतात. त्या अधिकाऱ्याच्या मनांत पाप नसतें. तरी मध्य सुटला तो सुटलाच.

केवळ उपदेशावर राजा थांबला नाहीं. दर पांच वर्षांनीं सौम्य स्वभावाचा महामात्र तपासणीस पाठविण्यांत येईल, आणि उज्जयिनी व तक्षशिला येथील राजपुत्रही तीन वर्षांच्या आंत तसेंच करतील, अशी व्यवस्था त्याच लेखांत आहे. पुढें राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीं कोरविलेल्या चौथ्या स्तंभलेखांत त्यानें ‘व्यवहारसमता’ आणि ‘दंडसमता’ हे दोन शब्द शेजारीं शेजारीं योजिले. ज्यावर हा लेख आहे त्यांतील एक स्तंभ फिरोजशहा तुघलकानें टोपरा गांवाहून दिल्लीस आणविला. तो आजही फिरोजशहा कोटल्यावर उभा आहे. दंडसमता म्हणजे नेमकें काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. कोणी ती प्रांताप्रांतांतील एकरूपता समजतात, कोणी वर्णावर्णांतील. परंतु खटला चालविण्यांत एक समता हवी आणि शिक्षा देण्यांत दुसरी, असे दोन वेगळे शब्द राजाला हवेसे वाटले, यावरून त्याचा अनुभव दिसून येतो. कित्येकदां चौकशी सर्वांची सारखी होते आणि शिक्षेच्या वेळीं हात आंखडतो.

कौटिल्याचा मार्ग निराळा, पण तोही याच ठिकाणीं पोंचतो. तीक्ष्ण दंडानें लोक उद्विग्न होतात, मृदु दंडाची हेटाळणी होते, आणि ज्याला जितका योग्य तितका दंड देणारा राजा पूज्य होतो, असें अर्थशास्त्राच्या आरंभींच आहे. काम व क्रोध यांच्या भरांत दिलेला दंड वानप्रस्थांना व संन्याशांनाही क्षुब्ध करतो, मग गृहस्थांची गोष्ट कशाला, असेंही तो विचारतो. ज्यानें घर सोडलें त्यालाही अन्याय सोसवत नाहीं. ज्याचें घर, शेत व मुलेंबाळें या व्यवस्थेंत गुंतलेलीं आहेत त्यानें तो मुकाट्यानें सोसावा, अशी अपेक्षा कौटिल्यासारखा कठोर पुरुषही करीत नाहीं. दंडास पात्र नसलेल्याला राजानें दंड केला तर राजानेंच त्याच्या तीसपट रक्कम वरुणासाठीं पाण्यांत अर्पण करावी व नंतर ती ब्राह्मणांना द्यावी, असा नियमही त्यानें घातला आहे.

येथें कोणी शंका घेईल, कीं गीतेच्या पांचव्या अध्यायांत विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्या ठायीं पंडित समदर्शी असतात असें म्हटलें आहे, तें दर्शनाविषयीं आहे. वर्तन सर्वांशीं सारखें कसें करतां येईल? शंका योग्य आहे. हत्तीचा चारा कुत्र्यापुढें टाकणें ही समता नव्हे. रोग्याला, बालकाला, वृद्धाला नियमांतून सूट देणें हा विवेक आहे, आणि अशी सूट उघड असते. ती कोणालाही सांगतां येते व कोणत्याही रोग्याला, बालकाला, वृद्धाला मिळते. पक्षपाताची सूट मात्र नांव पाहून मिळते आणि ती लपवावी लागते. दोहोंतील भेद ओळखण्यास याहून अधिक पांडित्य लागत नाहीं. मनुस्मृतीनें तर भेद मोठ्यांच्या विरुद्ध बाजूस नेला आहे. ज्या अपराधास सामान्य माणसाला एक कार्षापण दंड, त्याच अपराधास राजाला सहस्र. आणि पिता, आचार्य, मित्र, पुरोहित यांपैकीं कोणीही स्वधर्मापासून ढळल्यास राजाला अदंड्य नाहीं, असें तीच स्मृति सांगते. त्याच ग्रंथांत वर्ण पाहून दंड कमीअधिक करणारीं वचनेंही आहेत, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्या वचनांचा दुरुपयोग पिढ्यान्‌पिढ्या झाला आणि त्याचें दुःख ज्यांनीं भोगलें त्यांनाच तें ठाऊक आहे. 26 जानेवारी 1950 पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदानें कायद्यापुढें समानता हा या देशाचा नियम केला; दंडसमता हा शब्द या भूमीला परका नव्हता.

नियम झाला, पण मनें सहजीं बदलत नाहींत. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या व मोठ्या अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवा बंद करण्यांत आला, तेव्हां देशभर लोकांना समाधान वाटलें. त्या दिव्यानें कोणाची भाकरी हिरावली नव्हती. रस्ता सर्वांचा असूनही एकासाठीं तो मोकळा करावयाचा, हें रोज डोळ्यांना खुपत होतें. तिसऱ्या अध्यायांत भगवंतांनीं सांगितलेंच आहे, कीं श्रेष्ठ जसें वागतो तसें इतर जन वागतात. त्यावरून श्रेष्ठांना दोष देणें सोपें आहे, आणि वर्तमानपत्र वाचतांना प्रत्येक गृहस्थ तें करीतच असतो. परंतु देवळाच्या दारांत तोच गृहस्थ काय करतो? दर्शनाची रांग लांब दिसली कीं देवस्थानांत कोणी ओळखीचा आहे काय, याचा शोध तो घेऊं लागतो. दहा माणसें ओलांडून गाभाऱ्यांत शिरतो आणि सर्वांभूतीं सम असणाऱ्या परमेश्वरापुढें डोळे मिटून उभा राहतो. पंढरपुरास आषाढी एकादशीच्या शासकीय महापूजेंत दर्शनरांगेंतील वारकरी दांपत्याला मुख्यमंत्र्यांसमवेत पूजेचा मान मिळतो, ही प्रथा म्हणूनच मनाला गोड वाटते. तेथें ओळख विचारली जात नाहीं. रांगेंत तिष्ठत राहणें हीच पात्रता.

घरांतही हेंच आहे. सुनेच्या हातून दूध उतूं गेलें तर निष्काळजीपणा, लेकीच्या हातून गेलें तर शेगडीचा दोष. धाकट्याला शाळेचा अभ्यास चुकल्याबद्दल शिक्षा आणि थोरला मिळवता झाला म्हणून त्याच्या उद्धटपणाकडे डोळेझांक. आगगाडीच्या प्रवासांत मुलाचें वय दोन वर्षांनीं कमी सांगावयाचें, आणि तें त्याच मुलाला पढवून ठेवावयाचें. तिकीट तपासणारा निघून गेल्यावर त्या मुलाच्या मनांत काय उरतें? आपल्या बापाला नियम लागत नाहीं, हें तो शिकतो. हस्तिनापुरांत दुर्योधन हेंच शिकला होता. दहाव्या अध्यायांत भगवंतांनीं दमन करणाऱ्यांमधील दंड ही आपली विभूति म्हणून सांगितली आहे. जी वस्तु भगवंताची विभूति ती घरांत मात्र आपल्या सोईप्रमाणें वांकविण्यास हरकत नाहीं, असें गीतापाठ करणाऱ्यानेंही मानावें, हें आश्चर्य आहे.

या बाबतींत शांतिपर्वांतील शंख व लिखित या दोन बंधूंची कथा लक्षांत घेण्याजोगी आहे. बाहुदा नदीच्या तीरीं दोघांचे वेगवेगळे आश्रम होते. एकदां शंख बाहेर गेला असतां लिखित त्याच्या आश्रमांत आला, आणि झाडाचीं पिकलेलीं फळें तोडून खात बसला. शंख परत आल्यावर त्यानें विचारलें, हीं फळें कोठून आणलींस? लिखितानें हंसून तीं येथलींच असल्याचें सांगितलें. भावाच्या झाडाचीं फळें, घरचीच गोष्ट! परंतु शंख म्हणाला, न विचारतां घेतलेंस ही चोरी झाली. राजाकडे जाऊन हें सांग आणि चोराचा दंड माग.

लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. तपस्वी आला हें ऐकून राजा अमात्यांसह पायीं सामोरा आला आणि काय आज्ञा आहे असें त्यानें विचारलें. लिखितानें आधीं त्याच्याकडून वचन घेतलें आणि मग सर्व हकीकत सांगितली. राजा अडचणींत पडला. तो म्हणाला, कीं दंड देण्याचा अधिकार राजाचा असेल तर क्षमा करण्याचाही त्याचाच आहे. आपण पवित्र आचरणाचे व्रतस्थ आहांत, तेव्हां दुसरें कांहींही मागावें. राजाचा युक्तिवाद कच्चा नव्हता. क्षमेचा अधिकार राजाला खरोखरच असतो, आणि आजच्या राज्यव्यवस्थेंतही तो राष्ट्रपतींना आहे. परंतु राजा ज्या कारणासाठीं क्षमा करूं पाहत होता तें कारण काय होतें? समोर उभा असलेला माणूस मोठा होता. एखादा रानांतला भुकेला मनुष्य तींच फळें तोडून पकडला गेला असता, तर सुद्युम्न अमात्यांसह पायीं सामोरा आला असता काय? लिखितानें दुसरा कोणताही वर मागितला नाहीं. राजानें चोराचा दंड दिला. लिखिताचे दोन्ही हात तोडले गेले.

तसाच तो भावाकडे परतला. शंखानें त्याला बाहुदेंत स्नान करून देव, ऋषि व पितर यांचें तर्पण करावयास सांगितलें. ओंजळ भरावयास हात नव्हते. पाण्यांत बुडी मारून तो तर्पणास प्रवृत्त झाला तों त्याचे हात कमळांसारखे पुन्हा उगवले. विस्मित होऊन त्यानें भावाला विचारलें, तुझ्या तपाचें सामर्थ्य एवढें होतें तर आधींच मला शुद्ध कां केलें नाहींस? शंख म्हणाला, तुला दंड देणारा मी नव्हे. तो राजाचा अधिकार. आणि तुझ्याबरोबर तो राजाही शुद्ध झाला.

दंड घेणाऱ्यापेक्षां दंड देणाराच येथें अधिक वांचला आहे. त्या दिवशीं सुद्युम्नानें ऋषीला सोडलें असतें, तर राजसभेंतून बाहेर पडतांना द्वारपालांनीं एकमेकांकडे पाहिलें असतें, आणि पुढच्या चोराला बेड्या घालतांना त्यांचे हात पूर्वीसारखे चालले नसते.

व्यासांनीं ही कथा युधिष्ठिराला सांगितली ती युद्ध संपल्यावर. तो त्या वेळीं राज्य टाकून वनांत जाण्याच्या गोष्टी बोलत होता. दुर्योधन मेला होता, धृतराष्ट्राचे ‘माझे’ बहुतेक सारे रणांत पडले होते, आणि हस्तिनापुरांत आतां ‘आपले’ म्हणावे असे जे उरले होते ते युधिष्ठिराचे होते.